नमस्काराचं उत्तर

अण्णा पोतदारांना कुणी ‘राम राम’ म्हटलं की त्यांचा दिवस नासायचा. सराफ्यातल्या आपल्या दुकानाची पायरी उतरून ते हात जोडत, “नमस्कार!” म्हणत, आणि समोरच्याच्या तोंडून ‘नमस्कार’ निघेपर्यंत त्याची वाट अडवून उभे राहत. एखादा ‘राम राम, अण्णा’ म्हणून सटकला, की हातातलं काम टाकून दुकानात येरझाऱ्या सुरू. ग्वाल्हेरीत अर्धं गाव राम रामच म्हणतं. त्यामुळे अण्णा स्वस्थ बसलेले मी फारसे पाहिलेच नाहीत.

“तुला काय कळणार, दाणा ओलीच्या गल्लीतल्या भटा!” ते मला म्हणत. “पेशवाईत आम्हा सोनारांना नमस्कार म्हणायची मनाई होती. तो म्हणे ब्राह्मणांचा! तुमच्या देवांचे टाक आम्ही घडवले, आणि माझ्या आजोबांच्या नमस्काराला तुझे आजोबा राम राम म्हणायचे.” हे खरं होतं. आमच्या घरी ती गोष्ट हसत सांगत, आणि मला ऐकताना लाज वाटे.

मग विश्वकर्म्याची पाच लेकरं निघत: लोहार, सुतार, तांबट, पाथरवट आणि सोनार. “पाचांचं रक्त एकच. आम्ही नसतो तर तुमच्या देवाला ना देऊळ, ना मुकुट!” कान टोचायला आणलेलं बाळ रडून रडून झोपी जाई, पण अण्णांची पाच लेकरं काही संपत नसत. हात मात्र इतका हलका, की टोचलेलं त्या बाळाला कळायचंही नाही. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते उगीच नाही. सोनाराचे कुणी टोचावेत, एवढंच कुणी सांगून ठेवलेलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी वसुधा बँकेत होती. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलाचे वडील विनायकराव म्हणजे गावातल्याच कंपू मोहल्ल्यात लोखंडी फाटकं बनवणारे मराठी लोहार. अण्णांच्या पूर्वजांसारखेच त्यांचेही पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. एक दिवस ते पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आले, तेव्हा मी तिथेच होतो.

“नमस्कार, अण्णा! मुलांनी तर ठरवूनच टाकलंय. आता आपण पण हो म्हणून टाकू.”

अण्णांनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“राम राम,” ते म्हणाले.

विनायकराव समजले. पुडा काउंटरवर ठेवून, न बसताच निघून गेले. वसुधा आतल्या दारात उभी होती.

“बाबा, त्या पाच लेकरांतलंच एक आलं होतं ना?” एवढंच बोलून ती आत गेली.

तेव्हापासून अण्णांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. भर दुपारी दुकान बंद करून ते कंपूत जात, विनायकरावांच्या कारखान्यासमोर रस्त्याच्या अलीकडे उभे राहत आणि तसेच परत येत. एकदा मलाही ओढून नेलं.

“हातात सफाई आहे हं माणसाच्या,” फाटकांकडे बघत ते पुटपुटले.

“मग जा ना, बोला.”

“आणि तोही राम राम म्हणाला तर?”

मला त्यांचा संताप आला, आणि तितकीच कीवही आली. आयुष्यभर ज्याने जीव पोळला, तेच दुसऱ्याला देताना या माणसाला काहीच कसं वाटलं नाही!

लग्न कंपूतच झालं. मी गेलो, अण्णा गेले नाहीत. संध्याकाळी मी दुकानाशी पोचतो तोच त्यांनी मला घेरलं. मुहूर्त साधला का, शालू कुठल्या रंगाचा होता, मंगळसूत्र कोणाकडून घडवलं, जेवायला काय होतं? एक पाय आत, एक बाहेर. मी सांगत गेलो. शेवटी ते पायरीवर मटकन बसले.

“निघताना रडली का रे?”

“कोणाच्या गळ्यात पडून रडणार, अण्णा?”