झेंडूने दिलेली रजा

संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी साडेसातला दारात रंगनाथआबा उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. नाशिकजवळ मखमलाबादला असलेल्या त्यांच्या मळ्यातून आमच्याकडे कुणी रिकाम्या हाताने आल्याचं मला आठवत नाही. मेथीची जुडी, चार वांगी, निदान ओंजळभर फुलं तरी असायचीच. "बाई, लीला गेली पहाटं," ते म्हणाले. "फुलं तोडायला निघाली, चप्पल घालायला ओट्यावर टेकली... अन् उठलीच नाय." मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. टीव्हीखालच्या खणात चेन्नईहून सुटणाऱ्या अंदमानच्या जहाजाची चार तिकिटं होती, फेब्रुवारीतली. आबा-लीलाताईंची दोन आणि आमची दोन. खणाकडे दोघांचंही लक्ष जात होतं.

लीलाताईंची, म्हणजे आबांच्या बायकोची, आणि माझी ओळख फूलबाजारातली. त्या नदीकाठी फुलांची पाटी मांडून बसत, मी शाळेत भूगोल शिकवून परतताना त्यांच्याकडून फुलं घेई. घासाघीस दोघींनाही आवडायची, त्यामुळे पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागे. नव्वद सालानंतरची गोष्ट. एकदा त्यांनी पाटीखालून एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरलं. निळं पाणी, माडांचं हिरवं बेट आणि बाजूला पांढरं जहाज. "हे गाव कुठं हाय, बाई?" आता चित्र बघून गाव ओळखायला मी काही ज्योतिषी नाही. पण भूगोलाच्या बाईंनी गप्प बसणंही बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेचा नकाशासंग्रहच घेऊन गेले. लक्षद्वीप दाखवलं, कोचीहून जहाज जातं, रात्री जहाजावर झोपायचं आणि दिवसा बेटावर उतरायचं, असं सगळं सांगितलं. जाऊन-येऊन दहा दिवस म्हटल्यावर त्या पोट धरून हसल्या. "लग्न झाल्यापासून सलग दोन रात्री मळ्याबाहेर झोपले नाय मी. आईच्या दहाव्यालाबी सकाळची फुलं तोडून गेले." मग म्हणाल्या, "तुम्ही कशा जाता सुट्टीवर?" मी सांगितलं, रजेचा अर्ज द्यायचा, मुख्याध्यापक मंजूर करतात. "मंग मी अर्ज कुणाकडं देऊ?"

झेंडू एकदा उमलायला लागला की थांबत नाही. आज हा वाफा, उद्या तो, पुन्हा पहिला तयार. माणूस आजारी पडो की घरात लग्न असो, फुलं तोडावीच लागतात. मीही ते बोलणं विसरून गेले. लीलाताई मात्र विसरल्या नव्हत्या. कॅलेंडरातले महिने संपले तरी चित्र विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला लटकलेलंच होतं.

दोन-तीन वर्षांनी एका दुपारी त्या शाळेच्या फाटकावर आल्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "बाई, अर्ज कुणाकडं द्यायचा ते सापडलं." झेंडूच्या रोपाचा शेंडा वेळेवर खुडला, तर फूल पंधरा-वीस दिवस उशिरा येतं. हे मळ्यातल्या पोरासोरांना ठाऊक असतं. दसऱ्याला फूल हवं म्हणून सगळेच ते करतात. पण बाजारभावासाठी नाही, तर आपल्याला जहाजात बसता यावं म्हणून शेंडे खुडणारी बाई सबंध तालुक्यात ही एकटीच असणार. जुना वाफा संपतो कधी, नवा फुलतो कधी, मधले दिवस किती, हे त्यांनी बोटांवर मोजून ठेवलं होतं. आबा म्हणाले, "रोपाला कळतंय का जहाज कधी सुटतं?" त्यावर लीलाताई म्हणाल्या, "त्याला कशाला कळाया पाहिजे? मला कळतंय ना."

ते दोघं आणि आम्ही दोघं, असं चौघांनी जायचं ठरलं आणि मग सुरू झाली ती तयारी. आजवर मी शाळेच्या कितीतरी सहली नेल्या, पण अशी तयारी पाहिली नाही. जहाज हलतं, माणसाला उलट्या होतात, असं मीच बोलून बसले होते. झालं! लीलाताईंनी आम्हा तिघांना पोटभर पिठलं-भाकरी जेवू घातलं आणि आंब्याच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर एकेकाला बसवून झोके दिले. आबा त्या झोक्यावर चक्क घोरले. आमचे हे कसेबसे टिकले. नापास झाल्या फक्त भूगोलाच्या बाई. बेटावर जायच्या परवानगीचा अर्ज मी लीलाताईंच्या वतीने भरत होते, तिथे प्रवासाचं कारण विचारलं होतं. "काय लिहू?" म्हटलं. "लिहा ना, बघायला." मी तसंच लिहिलं आणि परवानगी आलीही.

मळ्याच्या पाण्यावर लक्ष ठेवायला कळवणहून त्यांचे जावई आले आणि आम्ही निघालो. त्या प्रवासाचं किती सांगू! पहिल्या सकाळी लीलाताई जहाजाच्या कठड्याला धरून उभ्या होत्या, तासभर हलल्या नाहीत. समुद्राची ओटी भरायची म्हणून त्यांनी नाशिकहून खण आणि नारळ आणला होता. बेटावर उतरलो तर जिकडे बघावं तिकडे नारळच नारळ. आमच्या ह्यांनी चिडवलं, "ताई, नारळाच्या गावाला नारळ घेऊन आलात?" त्या शांतपणे म्हणाल्या, "ते त्याच्या घरचे. पाहुण्यानं आपल्या घरचं न्यावं." आणि गुडघाभर पाण्यात शिरून त्यांनी ओटी भरली.

परतलो आणि चौथ्या दिवशी मळा एकदम फुलला. शेंडा खुडला की रोपाला फुटवे येतात, फुलं दुपटीने लागतात. लीलाताईंनी रजा मोजली होती, रजेनंतरचं काम नव्हतं मोजलं. शेवटी मी, आमचे हे, जावई, सगळे वाफ्यात उतरलो. माझी कंबर आठवडाभर धरली होती. लीलाताई पाटीवर पाटी भरत हसत होत्या. "रजा संपल्यावर तुमच्याबी टेबलावर असंच साचत आसंल ना?" त्यानंतर दर वर्षी नकाशासंग्रह उघडायचा आणि पुढचं बेट ठरवायचं, हा आमचा उद्योग झाला. कधी पाऊस आडवा आला, कधी आबांचा गुडघा. अंदमानचा बेत यंदा जमला होता.

तेरावा झाल्यावर मी तिकिटं घेऊन मळ्यात गेले. म्हटलं, "आबा, ही रद्द करून टाकते." आबा मला मोटारीच्या खोलीमागे घेऊन गेले. नवा वाफा होता. एकाही रोपाला शेंडा नव्हता. खुडल्या जागेखाली कोवळे फुटवे निघाले होते. "जायच्या आधी आठवडाभर एकटीनं खुडत होती," ते म्हणाले. "मी म्हणलं, दोन बाया लावू. तर म्हणे, त्या कमी-जास्त खुडतील, तारीख चुकंल." मग वाकून त्यांनी एक फुटवा बोटांनी चाचपला. "शिवरात्रीपर्यंत फूल नाय इथं. घरी बसून मी काय तोडू, बाई? ती रजा मंजूर करून गेलीय. एकच तिकीट रद्द करा."

आम्ही तिघे जाऊन आलो. मला झोक्यापेक्षा तिप्पट उलट्या झाल्या. आबा मळ्यातला नारळ सोबत घेऊन गेले होते. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी तो सोडला, मग किनाऱ्यावर येऊन लहान मुलासारखे रडले. मीही रडले आणि नंतर आम्ही तिघांनी शहाळी प्यायली.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी वाफा फुलला, नेहमीसारखा दुप्पट. काल सकाळपासून आम्ही तोडत होतो. मोटारीच्या खोलीत ते चित्र अजून खिळ्यावर आहे, निळ्याचं फिकट झालंय. आबांनी भरलेली पाटी त्याच्याखाली टेकवली आणि पाठ फिरवूनच मला म्हणाले, "बाई, ते नकाशाचं पुस्तक घेऊन या एकदा. पुढच्या रोपांचे शेंडे कधी खुडायचे, ते आत्ताच ठरवावं लागंल."

रविवारी नेणार आहे.