थंड बोटांचा माणूस

वक्तशीरपणा हा राष्ट्राच्या चारित्र्याचा पाया आहे, असे आमच्या कार्यालयाच्या जिन्यात निळ्या अक्षरांत लिहिलेले आहे. ज्या साहेबांनी ते लिहवून घेतले, ते त्याच्या उद्घाटनाला पाऊण तास उशिरा आले होते.

त्याच जिन्याखाली रोज सकाळी नऊला एक गृहस्थ सायकल टेकवायचे, दोन्ही हात काखांत खुपसायचे आणि कोणी विचारलेले नसताना म्हणायचे, "चलो, हाजिर."

ते आमचे दफ्तरी, सगळ्यांचे काका. फायली शिवायच्या, कपाटे लावायची आणि सिव्हिल लाइन्समधल्या ज्या जुन्या बंगल्यात कार्यालय आहे त्याचे कुलूप उघडायचे, ही त्यांची कामे. अशी माणसे तुमच्याही कार्यालयात असतील. ती दिसत नाहीत, कारण ती येऊन गेल्यावरच आपण येतो.

राहायचे जबलपूरच्या दुसऱ्या टोकाला, रांझीला. सायकलने पाऊण तास. थंडीत स्वेटरच्या आत छातीवर कालचे वर्तमानपत्र. "आज अग्रलेखाचं पान लावलं, बाबूजी. त्यातून वारासुद्धा पार होत नाही."

"काका, ऑटोनं काहून नाही येत?" मी एकदा विचारले.

"ऑटोवाला पाच सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही. सायकल एकट्या माणसाला घेऊन निघते."

आमच्याकडे निवृत्तीच्या दिवशी मानपत्र वाचतात. ते लिहायचे काम आस्थापना शाखेचे, म्हणजे माझे. कर्तव्यनिष्ठ, मृदुभाषी, सर्वांना सोबत घेऊन चालणारे. ज्यांचा आवाज फाटकापर्यंत जायचा, अशांनाही मी मृदुभाषी केले आहे. काकांनी सहा महिने आधीच बजावले होते, "मले मृदुभाषी नका लिहू. एकच लिहा, हा माणूस कधी लेट नाही आला. बायकोले वाचून दाखवीन. पहाटे उठून डबा तर तिनंच केला ना एवढी वर्षं."

जानेवारीअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधीच्या दिवाळीत हजेरीचे यंत्र आले. नारळ फुटला, फीत कापली, पेढे वाटले. अधिकाऱ्यांना यंत्रातून सूट होती, त्यामुळे भाषणे उत्साहाने झाली. काकांनी बोट ठेवले, यंत्रातल्या बाईने "धन्यवाद" म्हटले, आणि काकांनी तिला नमस्कार केला.

मग ती थंडी पडली. जबलपूरला थंडी नवी नाही, पण त्या जानेवारीत दहा-दहा दिवस ऊन नव्हते. सायकलच्या दांडीवर दव गोठायचे. काका नऊला यायचे, कुलूप उघडायचे, मेन स्विच लावून त्या यंत्राला जागे करायचे आणि मग त्यावर बोट ठेवायचे. बोट निळे, सालपटे निघालेले, लाकडासारखे.

"कृपया पुनः प्रयास करें."

"दीदी, मैं ही हूँ," काका म्हणायचे.

"कृपया पुनः प्रयास करें."

"अजून उठली नाही वाटते," ते मला सांगायचे आणि बोटावर फुंकर मारत बसायचे. हातमोजे होते, पण ते घातले की ब्रेक समजत नसे. चौकीदाराची शेगडी होती, पण धुराने जिन्यातली ती निळी अक्षरे काळी पडतात म्हणून साहेबांनी ती बंद करवली होती. साडेनऊला आम्ही स्कूटरवाले, जाड हातमोज्यांत हात गरम ठेवून आलेले, मागे रांग लावायचो. "काका, जरा बाजूला व्हा, आम्हाले लेट होऊन राहिला." ते बाजूला व्हायचे. असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. सगळे आत गेले, चहा आला, गरम ग्लास दोन्ही हातांनी धरला, की सव्वादहाच्या सुमाराला ती बाई त्यांना ओळखायची.

महिन्याभरात अकरा वेळा उशीर. साहेब म्हणाले, "मशीन झूठ नहीं बोलती," आणि कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितली. मसुदा मी केला. छान झाला होता. काकांनी तो दोनदा वाचला, घडी केली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"बाबूजी, याचं उत्तर लिहून द्या."

आमच्याकडे ही पद्धतच आहे. ज्याला नोटीस मिळते तो उत्तर आस्थापनेकडूनच लिहवून घेतो, कारण तशी भाषा दुसऱ्या कोणाला येत नाही. मी लिहिले, अतिशीत हवामानामुळे अंगुलीमुद्रेची नोंद होऊ शकली नाही.

"थंडी नका लिहू," काका म्हणाले. "थंडी तर सगळ्यांलेच होती. लिहा, मी आलो होतो."

"एवढंच?"

"झालं तर एवढंच आहे न, बाप्पा. कुलूप काय तुमच्या दीदीनं उघडलं?"

तेवढेच लिहिले. साहेबांनी शेरा मारला, "असंतोषजनक." मी साक्ष देऊ शकलो असतो. लवकर आलेल्या दिवशी त्यांना नऊला जिन्याखाली मी किती वेळा पाहिले होते. पण माझी बढतीची फाईल त्याच टेबलावर होती, आणि माझी बोटे गरम होती.

मानपत्रात मी ते वाक्य घातले. साहेबांनी लाल शाईने कापले. रेकॉर्डशी विसंगत. त्या जागी त्यांनी स्वतः 'पर्यावरणप्रेमी' घातले. समारंभाला ते चाळीस मिनिटे उशिरा आले आणि वक्तशीरपणावर बोलले. काकांना शाल, श्रीफळ आणि प्रथेप्रमाणे भिंतीवरचे घड्याळ मिळाले. मानपत्र ते शेवटपर्यंत वाचत राहिले, मग मागची बाजूही पाहिली. माझ्याकडे पाहिले नाही. घड्याळ कॅरिअरला बांधले, मानपत्र स्वेटरच्या आत छातीवर घातले आणि रांझीच्या रस्त्याला लागले.

समारंभाआधी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा रीतसर पावती घेऊन माझ्याकडे जमा केला होता. मी तो माझ्या खणात ठेवला. संध्याकाळी चौकीदाराने नेहमीसारखे कुलूप दाबून लावले.

दुसऱ्या दिवशी सगळे कार्यालय हात काखांत खुपसून जिन्याखाली उभे होते. किल्ल्या आत, आम्ही बाहेर. काकांना फोन करा, असे कोणीही म्हटले नाही. बडा फुहाराच्या बाजारातून कुलूपवाला आला तेव्हा अकरा वाजले होते. यंत्राने सगळ्यांना उशीर लावला.

दुपारी साहेबांनी परिपत्रक काढले की, तांत्रिक कारणामुळे त्या दिवशीची यंत्राची नोंद ग्राह्य धरू नये. मसुदा मी केला.