चरखा की शिंदी

"त्या भिंतीवर चरखा चढला, तर मी त्याच्यावर शेण सारवीन," गंगाबाई म्हणाली.

"सारव की. माझ्या बापानं चरख्यापायी तुरुंग पाहिला. तुझ्या शेणाला भेतोय होय तो," सुमन म्हणाली.

दोघींच्या डोक्यावर, शिडीवर, अनवर पेंटर खडू धरून बसलेला. चरख्याचं चाक काढून झालेलं, पुढं हात चालेना. भिंत आमच्या निलंग्यातल्या बायकांच्या वाचनालयाची. सतरा सप्टेंबर, म्हणजे आमचा मुक्तिदिन, जवळ आलेला. त्या दिवशी भिंतीवर स्वातंत्र्याचं चित्र पाहिजे, हे आम्हीच एकमतानं ठरवलं होतं. कोणापासूनचं स्वातंत्र्य, ते ठरवायचं राहून गेलं.

सुमन बार्शीकडची, तिच्या माहेरी इंग्रज होता. गंगाबाई इथलीच, तिच्या माहेरी निजाम. सुमनला बापाचा चरखा पाहिजे. गंगाबाईला आईचं शिंदीचं झाड. त्यात दिवाळीनंतर गंगाबाईचा मुलगा तिला कायमची पुण्याला नेणार. जायच्या आधी ते झाड एकदा भिंतीवर बघू द्या, एवढंच तिचं म्हणणं. अन् भिंत पडली एवढीशी, अर्धी तर खिडकीनंच खाल्लेली.

आमच्याकडं असं होतंच. दुपारी जेवून बायका वाचनालयात जमतात. एक पेपर वाचते, बाकीच्या पेंगतात, अन् पेंगता पेंगता कोणाची तरी आई नाहीतर आजी बोलायला लागते. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांसारखे किस्से साचलेत. एक उचलावा तर शेजारचा चिकटून वर येतो.

*

सुमन लग्न होऊन इकडं आली, त्या वर्षीची गोष्ट. सतरा सप्टेंबरला सकाळी चावडीवर झेंडा लागलेला बघितला. तिला वाटलं, मराठवाड्यातली माणसं आळशी, पंधरा ऑगस्टचा झेंडा आता लावून राहिलीत. तिनं सासूला तसं विचारलंसुद्धा.

सासू भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमच्याकडचं पाव्हणं होतं बाई, ते उठून गेलं. आमच्या घरातला मालकच उठायचा होता."

राजेशाही अन् इंग्रजी राज्य यातला फरक मी पुढं लई पुस्तकांत वाचला. शाळा न बघता वाचला, म्हणून जरा जास्तच वाचला. इतका नीट कुणी सांगितला न्हाई.

*

कोणता लढा मोठा, असं मला पोरं विचारतात. मी म्हणते, ज्यानं मार खाल्ला तो झोपेत काय करतो ते बघा.

सुमनचा बाप झोपेत सूत कातायचा. उजवा हात गोधडीवर गोल फिरायचा, डावा हळूहळू वर जायचा, पार कानापर्यंत. मग थांबायचा. सुमनची आई म्हणायची, "धागा तुटला बघ." थोड्या वेळानं हात पुन्हा फिरायला लागायचा.

इंग्रज जाऊन पोरांची लग्नं झाली, तरी त्याचं कातणं चालूच. सुमन म्हणते, लहानपणी तिला वाटायचं, घरातला सगळा अंधार बाबांनीच कातलाय.

हे ऐकून गंगाबाईनं एकच शेरा मारला. "तुमच्याकडं निजून राज्य घालवलं. आमच्याकडं उठावं लागलं."

सुमन तिच्याशी दोन दुपारी बोलली न्हाई. तिसऱ्या दुपारी तिच्यासाठी शेंगाचटणी घेऊन आली.

*

आता माझ्या आईचं सांगते. निजामाच्या हद्दीत शिरायचं तर करोडगिरीचा नाका लागायचा, म्हणजे जकातीचा. पलीकडून तिरंगा आणायचा होता. सापडला तर मार ठरलेला. आईनं तो घडी करून पोटाला बांधला, वरून लुगडं नेसली, अन् भरल्या दिवसांच्या बाईसारखी चालत आली.

नाक्यावरच्या शिपायाला तिची दया आली. त्यानं तिला लिंबाखाली बसवलं, मडक्यातलं पाणी दिलं. "बाई, थोडं पडा, मग जावा," म्हणाला.

आई पडली अन् खरंच झोपली. ऊन कलेपर्यंत झोपली. लिंबाचा पाला अंगावर गळत होता अन् शिपाई लांब बसून कुत्री हाकलत होता, तिला त्रास नको म्हणून.

म्हातारपणी आम्ही तिला विचारायचो, भीती नाही वाटली? ती म्हणायची, "निजामाच्या राज्यात, निजामाच्या शिपायाच्या राखणीत, झेंड्यावर हात ठेवून झोपले गं. तसली झोप पुन्हा स्वतंत्र भारतात लागली न्हाई."

*

एकदा नांदेडहून एक प्राध्यापक भाषणाला आणले. विषय हाच, राजेशाहीविरुद्धचे अन् परकीयांविरुद्धचे लढे. चूक आमची. आधी जेवू घातलं. धपाटे, दही, वर शेवयाची खीर.

सर उभे राहिले, "हैदराबादची राजेशाही" इथपर्यंत आले, खुर्चीला टेकले अन् झोपले. कुणी उठवलं न्हाई. बघता बघता आम्हीही झोपलो. पंखा तेवढा फिरत होता.

चहाच्या वेळेला सरांनी डोळे उघडले अन् वाक्य पुरं केलं, "संपली."

आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

तर भिंत. अनवर शिडीवरून म्हणाला, "आजी, भांडण नंतर करा. झाडच काढायचं तर सांगा, उभं काढू का पडलेलं?"

"उभं?" गंगाबाई तडकली. "उभं झाड निजामाचं. शिंदीच्या दारूवर त्याच्या सरकारचा गल्ला भरायचा, म्हणून तर लोकांनी झाडं पाडली. आईनं पाडायचंच काम केलं."

"अन् पडलेलं काढलं, तर लोक म्हणतील वाचनालयात सरपण ठेवलंय," सुमन म्हणाली.

गंगाबाई भिंतीकडं बघतच हळू बोलायला लागली.

"बांधावरच्या शिंदीला सुगरणीची घरटी होती. आईनं कुऱ्हाड घेतली अन् खाली बसून राहिली. पिल्लं उडेपर्यंत रोज जायची, बसायची, परत यायची. सोबतचे गडी चिडले. म्हणाले, लढाई थांबत नसती. आई म्हणाली, कुऱ्हाड माझी हाय. शेवटचं पिल्लू उडालं, तवा झाड पाडलं. रिकामी घरटी घरी आणून आढ्याला टांगली. आम्ही त्याखाली झोपायचो. वारं आलं की सगळी हलायची, अन् मला वाटायचं आपलं घरच झाडावर हाय."



"झाड नको," ती म्हणाली. "नुसती घरटी काढ."

अनवरनं खडू कानामागं खोचला. "काढतो आजी. पण लटकवू कशाला? झाड तर तुमच्या आईनं पाडलं."

गंगाबाईनं पिशवी उचलली, चपला शोधायला लागली. "जाऊ दे बाबा. काढ तिचा चरखा. मी कुठं बघायला असणार हाय."

सुमन त्या खडूच्या चाकाकडं बघत होती. तिचा उजवा हात मांडीवर हळूच गोल फिरला अन् थांबला.

"अनवर," ती म्हणाली, "लटकव माझ्या बापाच्या चरख्याला, तो कुठं पुण्याला चाललाय."