बुजवलेल्या विहिरीवरचा दहीभात
आज सकाळी चौकात कुणीतरी उतरवून ठेवलेल्या दहीभाताचा आंबूस वास आला आणि वाघोलीची ती बुजवलेली विहीर आठवली. मी तेव्हा एका मनोविकारतज्ज्ञांकडे नवीनच समुपदेशक म्हणून लागले होते. एका बाईची लहान मुलगी त्या विहिरीत बुडून गेली होती. पुढे जमीन बिल्डरला विकली, विहीर बुजवली, आणि त्या दिवसापासून बाईची वाचाच बसली. तीन महिने ती माझ्यासमोर नुसती बसून राही. शेवटी तिच्या सासूने देवऋषीण गाठली. "तुम्हीही जा, आणि मध्ये बोलू नका," आमचे डॉक्टर मला म्हणाले. भर दुपारी, सिमेंटच्या पोत्यांशेजारी, देवऋषिणीने बाईवरून दहीभात उतरवला आणि भुईवर ठेवला. "पोरीला सांग, आता जा म्हणावं." बाई भातापुढे उकिडवी बसली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जा गं बाळा. आईला आता विहीर सापडत न्हाई." "चला. मागं कुणी बघायचं न्हाई," देवऋषीण म्हणाली. मला टिपण लिहायचं होतं, म्हणून मी वळून बघितलं. भात होता आणि माशा होत्या, बस्स. पुढे चालणारी देवऋषीण मान न वळवता म्हणाली, "ताई, बघितलंत ना? आता ती तुमच्यासंगं." ती बाई बोलू लागली, बरी झाली. मी मात्र गेली वीस वर्षं समोरच्यांना सांगते आहे, मागे वळून बघा, तिथे काही नसतं. आणि आज चौकातून घरी आले ती मान अजिबात न वळवता, मागून ती पोर येत असलीच तर तिला धाप लागू नये, म्हणून जरा सावकाश चालत.