शेळ्यांच्या शेडातली करवत

माझा राग नाकावरच असतो, हे आधीच सांगून टाकतो. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, फिटर म्हणून लागलो नि फोरमन म्हणून निवृत्त झालो. त्या सगळ्या काळात मला कुणी "असं नका करू, तसं करा" म्हटलेलं कधी खपलं नाही. साहेबाचंही नाही, मग बायकोचं तर लांबच राहिलं.

शेड खरं म्हणजे तिचं. येरमाळ्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत आमचं रान आहे नि रानातच घर. घराशेजारी साठ फूट लांब, पंचवीस फूट रुंद शेड. वर पत्रा, दोन्ही अंगांना कमरेएवढी भिंत नि तिच्यावर जाळी. मी कारखान्यावर पाळ्या करत होतो तेव्हा तिनं एकटीनं त्यात चाळीस-चाळीस शेळ्या सांभाळल्या. पुढं तिचे गुडघे गेले नि शेळ्या बाजारात गेल्या. घरच्या दुधापुरत्या दोन राहिल्या. शेवटचा टेम्पो भरून गेला त्या दिवशी तिनं शेड झाडून, धुऊन काढलं आणि मला म्हणाली, "घ्या आता. लई दिस जप करत होता न्हवं, वर्कशॉप, वर्कशॉप."

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. शेळ्यांचं मूत वाहून जावं म्हणून कोब्याला उतार दिलेला होता, त्यावर टेबल ठेवलं की डुगडुगायचं. अर्ध्या शेडाचा कोबा फोडून नवा केला. गव्हाणी काढल्या, एक तेवढी ठेवली आणि तिच्यात पाने, हातोड्या, पटाशा मांडल्या. कितीही धुतलं तरी पत्रा तापला की शेळ्यांचा वास यायचाच. मला त्याचं काही वाटलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या वर्कशॉपात राबलो होतो, हे माझं होतं.

कळंबच्या एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीतून करवत मशीन आणलं. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटार नि पट्टा. कडुनिंब, बाभूळ कापून दारं, चौकटी, बाजा करायचा विचार होता. भुसा टेबलाखाली पडायचा, ढीगच्या ढीग. त्यावर बायको खूश होती. आंघोळीच्या पाण्याला ती भुशाची शेगडी पेटवते. रोज दुपारी मशीन थांबलं, थंड झालं, की ती पाटी घेऊन यायची, टेबलाखाली हात घालून भुसा ओढायची, मग सगळं शेड झाडायची. शेळ्या होत्या तेव्हाही ती त्याच वेळेला झाडायची.

सगळा घोळ झाला तो स्टार्टरनं.

आमचा एक बोअर आटला होता. त्याचा स्टार्टर रिकामा पडला होता, तो मी करवतीला लावला. आमच्याकडं बोअरच्या स्टार्टरला ऑटो असतो. थ्री-फेज लाइट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री, आणि मधेच केव्हाही जाते. दर वेळी रानात कोण पळणार? म्हणून हा ऑटोचा डबा. लाइट आली की तो दोन मिनिटं दम धरतो, मग आपोआप खट् वाजतं आणि मोटार सुरू. माणूस घरी घोरत असला तरी पाणी चालू. बोअरला हे झकास. पण करवतीला? माणसाचा हात पात्यापाशी असला आणि लाइट आली तर?

हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण त्याच डब्यात एक फेज गेला तर मोटार बंद करायचीही सोय होती, डबा काढला असता तर मोटार जळायची भीती. आणि ऑटो बंद करायचं बटण मोडलेलं. कळंबला जाऊन नवा डबा आणायचा, एवढंच काम होतं. उद्या जाऊ, बाजारच्या दिवशी जाऊ, असं करत तीन आठवडे गेले. तोवर मी एक तोडगा काढला होता. जाताना मेन स्विच खाली पाडायचा.

दुसरी गंमत अशी की स्टार्टर, मेन स्विच, फ्यूज, सगळं शेडाच्या पार दुसऱ्या टोकाला. जुना बोर्ड तिथंच होता, तिथंच बसवून मोकळा झालो. वर त्याच्या पुढ्यात फळ्या रचल्या.

बायको म्हणाली, "अवं, ते बटण मशिनीपाशी घ्या की. काय झालंच तर एवढ्या लांब पळत जाणार व्हय?"

"तू मला शिकवू नकोस."

आठ दिवसांत तिचं म्हणणं खरं ठरायची वेळ आली. मी कापत असताना लाइट गेली. फळी टेबलावर तशीच ठेवून मी पाणी प्यायला घरात गेलो, आणि स्विच पाडायचा राहिला. लाइट आली. दोन मिनिटांनी करवत आपोआप सुरू झाली, पात्यानं फळी अशी भिरकावली की ती जाळी फाडून बाहेर पडली. बायको दारात उभी होती, हातात शेळीचं दावं. तिनं फाटलेल्या जाळीकडं बघितलं.

मग म्हणाली, "काढा तो ऑटो."

"फळी तिथं ठेवायला नको होती. चूक फळीची."

"व्हय व्हय, फळीलाच अक्कल न्हाय," ती म्हणाली आणि शेळी घेऊन गेली.

लाज वाटायला पाहिजे होती, कारण कारखान्यात हीच गोष्ट मी पोरांना ओरडून ओरडून शिकवायचो. मशिनीत हात घालायच्या आधी तिन्ही फ्यूज काढायचे आणि आपल्या खिशात ठेवायचे. स्विच बंद केला म्हणून भागत नाही, दुसरा कुणी तो चालू करील. माझ्या मिस्त्रीच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती, दोन अशीच गेली होती. मिस्त्रीची ही गोष्ट मी घरी जेवताना इतक्यांदा सांगितली होती, की मी "आमचा मिस्त्री" म्हटलं की बायको भाकरीची दुरडी उचलायची. "झालं का? वाढू का अजून?" ती ऐकत नाही असं मी धरूनच चाललो होतो.

आणि माझ्या शेडात मी स्वतः फ्यूज काढत होतो का? नाही. घरचं तर मशीन, इथं कोण येतंय!

त्या दिवशी दिवसपाळीची लाइट होती. एका चौकटीचं लाकूड कापत होतो, निम्म्यात लाइट गेली आणि पातं लाकडात अडकून बसलं. आधीच डोकं तापलेलं. तेवढ्यात बायको पाटी घेऊन आली.

"लाइट गेलीच हाय, तर कळंबला जाऊन तेवढा डबा घिऊन या की."

माझं डोकंच फिरलं. "तू तुझ्या शेळ्या सांभाळ! तुला मशिनीतलं काय कळतंय?"

दोनच शेळ्या उरल्यात हे ठाऊक असताना बोललो. कानावरची पेन्सिल काढली, भिंतीवर फेकली, आणि तरातरा रस्त्यावरच्या हॉटेलात गेलो.

हॉटेलात चहा सांगितला. मनात भांडण चालूच होतं. तीस वर्षं मशिनं सांभाळली, आता हिच्याकडून शिकायचं राहिलं होतं, असं काहीबाही. बशीत चहा ओतला, तोंडाला लावणार, तोच शेजारच्या गिरणीचा पट्टा फडफडला आणि गिरणी सुरू झाली. म्हणजे थ्री-फेज आली.

बशी तशीच राहिली. मेन स्विच पाडला होता का?

मी आठवायला लागलो. माझा हात स्विचवर गेलेला काही केल्या आठवेना. आठवत होती ती भिंतीवर आपटलेली पेन्सिल. स्विच वरच होता. आणि आता भर दुपार. ती टेबलाखाली हात घालून बसली असणार.

दोन मिनिटं. ती मीच मोजून लावली होती.

पळालो. एक चप्पल हॉटेलातच राहिली. शेड तिथून चार-पाचशे पावलं, आणि माझं वय साठ. पहिल्या वळणापर्यंतच दम लागला. "हात काढ! हात काढ गं!" म्हणून ओरडत होतो, पण मागं गिरणी धडधडत होती, माझं मलाच ऐकू येईना. तिचा फोन घरात, चार्जिंगला. शेजारच्या रानातला पाइप गचके द्यायला लागला आणि भसकन पाणी आलं. त्याच्या ऑटोनं मोटार सुरू केली होती. त्याच्या पलीकडचीही सुरू झाली. आता राहिला फक्त माझा ऑटो. देवा, यडेश्वरी आई, मोटार जळू दे, वायर तुटू दे, काय वाटेल ते होऊ दे. अख्खं शेड पेटलं तरी चालेल, पण तिचा हात राहू दे, असं मी पळता पळता मोठ्यानं म्हणत होतो.

दारात पोचलो. ती टेबलाखाली वाकून बसली होती. डावा हात पाटीवर आणि उजवा कोपरापर्यंत आत, नेमका पट्ट्यापाशी. स्विच पार त्या टोकाला, फळ्यांच्या आड. तिकडं पळू का हिच्याकडं? मी हिच्याकडं झेप घेतली. तिचा दंड धरला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढला.

कट् असा आवाज आला.

मला वाटलं, स्टार्टर खट् वाजला. मी पात्याकडं बघितलं. ते लाकडात तसंच अडकून उभं होतं, हललंसुद्धा नव्हतं. टेबलाच्या पायाच्या लोखंडी अँगलमध्ये तिचं मनगट अडकलं होतं आणि मी तसंच खेचलं होतं. आवाज त्याचा होता.

"आई गं!" ती किंचाळली. मग कोब्यावर बसूनच राहिली, उजवा हात मांडीवर धरून. तोंड पांढरंफटक. मी धापा टाकत एकच घोकत होतो, "ऑटो... ऑटो... लाइट आली..."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग डाव्या हातानं पदराची गाठ चाचपली, दातांत धरून सोडली. चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज तिच्या मांडीवर पडले.

"फ्यूज काढलेत म्या," ती म्हणाली. आवाज रडका होता, पण शब्द स्पष्ट. "रोजच काढती. तुमीच सांगता न्हवं, हात घालायच्या आदी काढायचे म्हणून."

मी उठून फळ्यांच्या मागं गेलो. स्विच वरच होता. त्याच्या शेजारी फ्यूजच्या तिन्ही जागा रिकाम्या. तीन आठवडे ती रोज इथं येत होती, फळ्या चुकवून आत शिरत होती, फ्यूज काढत होती, आणि झाडून झालं की परत लावून जात होती. मला पत्ता नव्हता. तिथं उभा राहून मी रडलो, खोटं कशाला सांगू. तिचा हात मशिनीपासून तिनं स्वतःच वाचवला होता. मोडला तो मी.

कळंबच्या हाडाच्या डॉक्टरनं फोटो काढला, मनगटाला प्लास्टर घातलं आणि विचारलं, "कसं झालं हे?"

"शेडात पडले," ती म्हणाली.

"न्हाय, पडली न्हाय," मी म्हणालो. "म्या वढलं."

डॉक्टरनं माझ्याकडं जरा निरखून बघितलं. ती मान खाली घालून बसली होती. परत येताना कळंबहूनच नवा डबा घेतला, ऑटो नसलेला. दुसऱ्या दिवशी स्टार्टर आणि मेन स्विच काढून मशिनीपाशी आणले, हाताच्या अंतरावर, तिनं सांगितलं होतं तिथंच. फ्यूज मात्र तिच्याकडंच असतात. मशीन चालू करायचं असलं की मी घरात जाऊन मागतो, काम झालं की नेऊन देतो.

प्लास्टर निघालं, पण मनगट पहिल्यासारखं वळेना. भाकरी जमते, कशीबशी. मूठ घट्ट आवळत नाही, त्यामुळं धार काढता येत नाही. चाळीस शेळ्या जिनं सांभाळल्या तिला दोन शेळ्यांची धार काढता येत नाही. "तू तुझ्या शेळ्या सांभाळ" असं मी त्या दिवशी म्हणालो होतो, ते मला रोज सकाळी आठवतं.

आता धार मी काढतो. पहिले चार-आठ दिवस तर शेळीनं लाथ मारून भांडंच उलटं केलं. बायको शेजारी पोत्यावर बसून बघत असते, मांडीवर तो हात ठेवून.

"असं नका करू," ती म्हणते. "अंगठा दुमडू नका. दुखतंय तिला."

"बरं," मी म्हणतो, आणि अंगठा सरळ करतो.