दोराचं दुसरं टोक

गेल्या वैशाखात, बाजाराच्या दिवशी, गुरुजींनी ताडकळसच्या बाजारातून नायलॉनचा दोर विकत आणला. बातमी एवढीच. पण संध्याकाळची बस येईपर्यंत ती अर्ध्या गावाला कळली होती. दुकानदाराने मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "पत्रकार, गुरुजींनी दोर नेला. पिवळा. काई इचारलं बी न्हाई. गुमान पिशवीत घातला अन् गेले."

ही बातमी का झाली, हे कळायला गुरुजी माहीत असायला हवेत.

त्यांच्यासमोर कुणी काही विकत घ्यायचा विषय काढला की ते दोन्ही तळहात वर करून दाखवायचे, झडती देणाऱ्या माणसासारखे. आणि म्हणायचे, "हात हायेत की दोन." झाडू मोडला, पिशवी फाटली, दाराची कडी निखळली, उत्तर तेच. माझ्या घरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. "हिचा पाय मोडला तर तुमी काय करताल?" एकदा विचारलं. नवी आणेन, असं मी म्हणालो. त्यांनी तळहात वर केले आणि जमिनीवर बसले. बोलणं संपलं.

गावातल्या शाळेत ते हस्तव्यवसाय शिकवायचे. तो तास बंद झाला, ते निवृत्त झाले, पण शिकवणं थांबलं नाही. बांधावर अंबाडी लावायची, नाल्यात भिजत घालायची, कुजली की सोलून वाख, म्हणजे धागे, काढायचा, वाखाचा दोर वळायचा आणि दोराच्या बाजा विणायच्या, हा त्यांचा वर्षाचा क्रम. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात स्वतः शिवलेली बंडी. "आमच्या घरात पूजा येगळी अन् काम येगळं धरत न्हाईत," असं ते सांगायचे. कार्यक्रमाला बोलावलं तर गरजा कमी करण्यावर बोलायचे, आणि बोलणं कमी करायचे नाहीत.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याला हार घालणारे पुष्कळ असतात. त्याच्या घरात राहणारं एकच असतं.

गुरुजींच्या घरात काकू होत्या. मुलगा परभणीला नोकरीला. त्याने एका दिवाळीला मिक्सर आणला. गुरुजींनी तो खोक्यातून काढूही दिला नाही. खोकं कोपऱ्यात ठेवलं, त्यावर वाखाचे पेंढे रचले. काकू पाट्यावर चटणी वाटत वाटत मला म्हणाल्या, "भाऊ, साधं राहायचं म्हंजे लय काम असतंय. ह्यांचं साधं राहणं मीच करायलेय."

गुरुजी ओट्यावरच होते. ऐकू आलं असणार. ते म्हणाले, "हात हायेत की दोन."

"दोन न्हाई, चार," काकू म्हणाल्या. "दोन माजे."

हे मी टोमणा म्हणून ऐकलं होतं. ते साधं विधान होतं. दोर एका माणसाला वळता येत नाही. एक जण वाख सोडत मागे मागे सरकतो, दुसरा लाकडी फिरकी फिरवत पीळ देतो आणि दोर ताणून धरतो. ताण सैल पडला की पीळ बसत नाही, आणि असा दोर बाजेला घातला की महिनाभरात बाजेची झोळी होते. गुरुजींच्या दोरांचं दुसरं टोक लग्नापासून काकूंच्या हातात होतं. गुरुजींवर आमच्या पेपरात दोनदा मजकूर आला, दोन्ही वेळा फोटोसह. दोन्ही फोटोंत गुरुजी आहेत आणि त्यांच्या हातातला दोर चौकटीबाहेर जातो.

संक्रांतीनंतर काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन परभणीला झालं. डॉक्टरांनी सांगितलं: जमिनीवर बसायचं नाही, झोपायला उंच आणि कडक पलंग हवा. काकू मुलाकडे राहिल्या. गुरुजी बघायला गेले, दुसऱ्या दिवशी परत आले. त्यांना झोपायला दिलेली गादी फोमची होती.

मुलाने लोखंडी पलंग ताडकळसला पाठवायची तयारी केली. गुरुजींनी नाही म्हणून सांगितलं. "तिची बाज मीच करणार. उंच करतो. तिला म्हणा, बाज झाली की ये."

गुरुजींकडे मोबाइल नव्हता. कामासाठी मी आठवड्यातून एकदा परभणीला जायचो, त्यामुळे निरोप माझ्याकडे आले. काकूंचा निरोप छोटा होता. "मला घरी यायचंय. इथं तिसऱ्या मजल्यावर मी पाव्हणी हाय. पण उठता आलं पाहिजे, एवढंच सांगा. दोर कशाचा बी असू द्या."

शेवटचं वाक्य मी सांगितलं तेव्हा गुरुजींनी तळहात वर केले.

बाभळीची चौकट त्यांनी झकास केली. पाय नेहमीपेक्षा वीतभर उंच. अडलं ते दोरावर. फिरकी धरायला माणूस नव्हता. शेजारचे निवृत्त लिपिक आले. गुरुजी त्यांना दर हाताला सांगायला लागले, ओढा, सोडू नका, वाकू नका, इकडं बगा. लिपिक फिरकी खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, मी दोर धरायला आलो, परीक्षा द्यायला न्हाई." पुन्हा आले नाहीत. मग मी धरला. मधेच माझा फोन वाजला आणि हात ढिला पडला. "तुमी दोर धरायलाव का फोन?" गुरुजींनी विचारलं. तेवढा दोर त्यांनी सगळा उलगडला आणि वाख पुन्हा मोकळा केला.

शेवटी त्यांनी दुसरं टोक दाराच्या कडीला अडकवलं. एका टोकाला जाऊन पीळ द्यायचा, परत येऊन वाख जोडायचा, पुन्हा तिकडे. कडी ताण धरते, पण पीळ देत नाही, आणि वाख कधी संपत आलाय हे तिला कळत नाही. "नायलॉन घ्या," मी म्हणालो. "निदान हिच्यापुरता." गुरुजी म्हणाले, "हिच्यापुरता घेतला तर आजवर काय केलं मी?"

याचं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. सायकलला टांग मारून निघून आलो.

पाडव्याला बाज तयार झाली. मुलगा गाडीतून काकूंना घेऊन आला. घर सारवलेलं होतं. बाजेवर काकूंनीच पूर्वी शिवलेली वाकळ अंथरलेली होती. काकूंनी आधी दोराला हात लावला आणि बोट फिरवलं. "कडीला बांधून वळला का?" त्यांनी विचारलं. काकू बसल्या. बाज खाली गेली. कंबर आत, गुडघे वर. त्यांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला. मग मी आणि मुलाने दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उभं केलं. गुरुजी पुढे आले होते, पण त्यांना धरायला जागा उरली नव्हती.

"ताणून घेतो पायथ्याला," ते म्हणाले.

"बाबा, किती दिवस ताणणार तुमी?" मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमाला तत्त्व पाहिजे. आईला रातीला उठून मोरीत जाता आलं पाहिजे. एवढंच हाय ना?"

काकू गाडीकडे निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "सैल हाय हो. दुसरं काई न्हाई."

पुढचा महिनाभर निरोप चालू राहिले. गुरुजी बाज उसवत होते, तोच दोर पुन्हा पिळत होते, पुन्हा विणत होते. मी गेलो की विचारायचे, "काय म्हणली?" मी सांगायचो, "बाज कधी होते, म्हणाल्या." दर आठवड्याला हेच. परभणीला मुलगा माझ्यावर चिडायचा, ताडकळसला गुरुजी चिडायचे, आणि दोघांनाही मी सोडून दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

मग एकदा काकूंनी मला खिडकीजवळ बोलावलं. खाली रस्त्यावर ऑटोंची रांग होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, आता बाजेचं काय झालं ते मला सांगू नका. मी बी इचारणार न्हाई."

तो निरोप नव्हता. पण गुरुजींनी विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं, शब्द न बदलता. ते फिरकी फिरवत होते. फिरकी थांबवली. दोर गुंडाळला, खुंटीला लावला आणि हात धुवायला गेले. बराच वेळ परत आले नाहीत. मी निघालो.

त्यानंतरच्या बाजाराला त्यांनी नायलॉनचा दोर आणला.

बाज त्यांनी एकट्याने विणली. नायलॉनला दुसरा माणूस लागत नाही. काकूंना मी परभणीहून बसने आणलं, मुलाला रजा नव्हती. त्या बाजेवर बसल्या. बाज हलली नाही. त्या उठल्या, कुणी हात न लावता. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते, हात पाठीमागे.

"हे पयलेच केलं असतं तर?" काकू म्हणाल्या.

गुरुजी म्हणाले, "हो."

त्यांच्या तोंडून एवढं छोटं उत्तर मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

काकू राहिल्या. मिक्सरचं खोकं आषाढात उघडलं गेलं. त्या वर्षी बांधावर अंबाडी लावली नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "फिरकी कुणी धरायची?" स्वतः ते खाली सतरंजीवर झोपत. पिवळ्या बाजेवर त्यांना बसलेलं मी पाहिलं नाही. काकूंनी मात्र पाहिलं होतं. त्या सांगतात, दुपारी त्या देवळात गेल्या की गुरुजी बाजेवर बसून दोर दाबून बघायचे. कुठे सैल पडलाय का ते बघायचे. पडलेला नसायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी, पूजेला बसलेले असताना, गुरुजी गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवूनच नेलं. मुलगा काकूंना परभणीला चला म्हणाला. काकूंनी नको म्हणून सांगितलं.

मागच्या आठवड्यात मी त्या घरी गेलो होतो. काकू पिवळ्या बाजेवर झोपतात. खुंटीवरचा अंबाडीचा दोर त्यांनी खाली काढून अंगणात दोन खांबांना बांधला आहे, कपडे वाळत घालायला. ओल्या लुगड्याने तो मधे झोल धरतो. तिथे त्यांनी खालून काठीचा टेकू दिला आहे.