सूर्यण्णाचं अर्धं पत्र

सूर्यनारायण बाइंडरचं दुकान राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानाला टेकून होतं. दोन्हीकडे दिवसभर सुया चालत. शिंप्याकडे ब्लाउज शिवले जात, सूर्यण्णाकडे कादंबऱ्या.

त्या काळी आमच्या तंजावुरात घरोघरी एक रीत होती. तमिळ साप्ताहिकांत कादंबरीचं दर आठवड्याला एकेक प्रकरण यायचं. बायका तेवढी पानं जपून फाडून गादीखाली ठेवत आणि कादंबरी संपली की चाळीस-पन्नास आठवड्यांचा गठ्ठा सूर्यण्णाकडे आणून देत. तो पानं लावायचा, शिवायचा, पुठ्ठा चढवायचा. पानांच्या पाठीवर काय छापलेलं असेल त्याचा नेम नसे. नायिका विरहात रडत असताना पान उलटावं तर समोर वांग्याच्या कोळंब्याची, म्हणजे आंबट आमटीची, कृती. एखादा आठवडा हरवलेला असला तर सूर्यण्णा त्या जागी कोरा कागद शिवत असे, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर त्या आठवड्यात काय घडलं ते तोंडी सांगत असे. शिवता शिवता त्याने सगळं वाचलेलं असायचं.

चौतीस वर्षांचा, बारीक अंगाचा माणूस. खळीला किडे लागू नयेत म्हणून तीत मोरचूद घालायचा, त्यामुळे त्याची बोटं कायम निळसर. बोलणं कमी. शहाण्णव साल उजाडलं होतं, केबल टीव्ही आला होता आणि गठ्ठे कमी होत चालले होते. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, "अजून आहेत की थोडे वाचणारे."

त्या थोड्यांत मी होते. मी, गायत्री, वय तेवीस. साहित्यात एम.ए. झाले होते, एम.फिल. चालू होतं. प्रबंधाचा विषय होता, प्रेमसंबंधांतली गुपितं, असत्य आणि प्रामाणिकपणा, आधार सात मालिका-कादंबऱ्या. प्रेमाचा माझा स्वतःचा अनुभव म्हणजे याच सात कादंबऱ्या. टाउन बसमध्ये एकदा एका मुलाने माझी पिशवी मांडीवर घेतली होती, पण तो राजवाड्याच्या स्टॉपला उतरून गेला, तेव्हा तो धरता येत नाही. अनुभव नसला तरी निष्कर्ष मात्र तयार होता. मी तक्ता केला होता. सातही कादंबऱ्यांत नायक आपलं गुपित तिसऱ्या प्रकरणात सांगू शकला असता. सांगत नाही, म्हणून पुढची चाळीस प्रकरणं होतात.

जानेवारीत एका दुपारी माझ्या पिशवीत पाण्याची बाटली उलटली आणि सूर्यण्णाने बांधलेली एक कादंबरी भिजली. पुठ्ठा फुगला, सुटला, आणि त्याच्या पोटातून एक लग्नपत्रिका निघाली. कोपऱ्यांना हळद लावलेली. वराचं नाव सूर्यनारायण, वधूचं कमलाक्षी, साल एक्क्याण्णव.

मी ती घेऊन थेट दुकानात गेले.

"हे काय, सूर्यण्णा?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ते आतलं अस्तर आहे."

"अस्तर? तुमची लग्नपत्रिका आहे ही."

"कागद जाड होता. तीनशे छापल्या होत्या. लग्न मोडलं, शंभरेक परत आल्या. फेकायच्या कोठे? उकिरड्यावर कोणी वाचली असती."

म्हणून त्याने त्या लोकांच्या कादंबऱ्यांत चिकटवल्या होत्या. आमच्या चार गल्ल्यांतल्या कितीतरी प्रेमकथा या मोडलेल्या लग्नाच्या आधारावर ताठ उभ्या होत्या. मला हे इतकं सुंदर वाटलं की मी लगेच वहीत टिपून घेतलं. समोरच्या माणसाचं तोंड उतरलंय हे नंतर दिसलं.

तोंड उतरायला कारण होतं. त्याचं पुन्हा लग्न ठरलं होतं. मुलगी कुंभकोणची, आपल्या मराठी लोकांतलीच. अखिला नाव, लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत उलटल्यावर, तई महिन्यातला मुहूर्त धरला होता. आणि पहिल्या ठरलेल्या लग्नाबद्दल त्या घरी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. सूर्यण्णाच्या आईने मध्यस्थाला तशी ताकीदच दिली होती.

"मी सांगायला दोनदा गेलो," तो म्हणाला. "दोन्ही खेपेस तिने बज्जी वाढली. तोंड भरलेलं असताना असलं कसं सांगायचं?"

मी त्याला तिसऱ्या प्रकरणाचा सिद्धान्त सांगितला. तक्ताही दाखवला. तो शिवण थांबवून ऐकत राहिला. माझ्या मार्गदर्शकांनीही माझं इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याने मी हुरळून गेले.

"पत्र लिहा," मी म्हणाले. "मी मजकूर सांगते."

आम्ही घरात आमची तंजावुरी मराठी बोलतो, पण पत्रं लिहायची ती तमिळमध्ये. सूर्यण्णाचं तमिळ अक्षर छापल्यासारखं. त्याने कोरे कागद काढले आणि स्वतःहून पहिलं वाक्य लिहिलं. पाच वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं, ते मोडलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच झालं."

"असं एकदम सांगतात का? मन तयार करावं लागतं वाचणाऱ्याचं. खोडा ते. लिहा, अखिला, हे पत्र वाचताना तुझे हात थरथरतील."

"का थरथरतील? रोज तीस पोरांना पाढे म्हणायला लावते ती."

"लिहा हो!"

त्याने लिहिलं. 'हृदयाच्या गर्भगृहात' हा शब्दप्रयोग माझा. 'बंद दरवाज्यामागे तेवणारी पणती' हीसुद्धा माझीच. दोन पानं झाली तरी गुपित आलं नव्हतं, आणि तेव्हा मला खरी कल्पना सुचली. पत्र दोन भागांत पाठवायचं. पहिल्यात गुपित आहे एवढंच, दुसऱ्यात गुपित.

"मधे किती दिवस?" सूर्यण्णाने विचारलं.

"आठवडा."

"अय्यो! आठवडाभर ती काय करील?"

"विचार करील. मोठ्या मनाची होईल."

घासाघीस करून चार दिवसांवर आलो. पहिल्या पत्राचं शेवटचं वाक्य असं होतं. 'तुझ्याआधी माझ्या आयुष्यात एक नाव आहे.' आणि त्याखाली मी त्याला 'तोडरुम' लिहायला लावलं. तोडरुम म्हणजे आपलं क्रमशः. प्रत्येक प्रकरणाखाली असतं तसं.

पत्र गुरुवारी पेटीत पडलं. दुसरं सोमवारी टाकायचं ठरलं. सात कादंबऱ्यांचा तक्ता करणाऱ्या मला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं नव्हतं. सोमवारपासून तीन दिवस पोंगल होता. टपाल बंद, पेटी उघडणार थेट पुढच्या गुरुवारी.

बुधवारी दुपारी सूर्यण्णाला धीर धरवेना. कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून त्याने अखिलाच्या शेजाऱ्यांना फोन लावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बोटांइतकाच निळसर झाला होता.

"बापलेक सकाळीच निघाले म्हणे. इकडेच."

"चांगलं झालं की," मी म्हणाले. असं का म्हणाले, मला आजही माहीत नाही.

अर्ध्या तासात ते आलेच. सीतारामराव रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते, आवाज अजून फलाटावरचा. अखिला त्यांच्यामागे, सुती साडी, हातात पर्स. मी खळीचा ब्रश उचलला आणि इथली कामगार असल्यासारखी एका पुठ्ठ्यावर फिरवू लागले.

"पोरं किती?" सीतारामरावांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"पोरं? कोणाची, मामा?"

"तुझी! त्या नावापासोन झालेली."

शिंप्याचं मशीन थांबलं.

"आप्पा, जरा थांबा," अखिला म्हणाली. तिने पर्समधून पत्र काढलं आणि सूर्यण्णासमोर धरलं. "हे आलं त्या दिवशी वाटलं, एक बायको असेल. दुसऱ्या दिवशी बायको आणि मूल. पोंगलला मूल शाळेत जायला लागलं. दुसऱ्या दिवशी, माट्टु पोंगलला, त्याला गोवर आला. मला त्याची काळजी लागली. असं कोणी करतं का?"

"नाही," सूर्यण्णा पुटपुटला.

"आणि हे 'हृदयाच्या गर्भगृहात'. तुम्ही दोनदा घरी आलात. दोन्ही वेळचं मिळोन चार वाक्यं बोललात, त्यांतली तीन खळीबद्दल होती. हे तुम्ही लिहिलंय?"

त्याने सुई उचलून दोरा ओवायला घेतला.

"ऐका. एक नाव असो की चार, मी ऐकोन घेईन. पण हे कोणाकडून लिहवून घेतलेलं असेल आणि आता तेही लपवणार असाल, तर पावणेपाचच्या बसने मी जाते. मग मुहूर्त नको न् काही नको."

सातही कादंबऱ्यांत अशा वेळी एक तिसरी व्यक्ती पुढे येते आणि सत्य सांगते. वाचताना मला ती नेहमी आवडत आली आहे. इथे ती व्यक्ती मी होते. सूर्यण्णाने माझ्याकडे पाहिलं. मी ब्रश खळीत बुडवला आणि नीट निथळू दिला.

"अक्षर माझं," तो शेवटी म्हणाला. "वाक्यं हिची. हिचा दोष नाही, मीच लिहीत गेलो."

अखिला माझ्याकडे वळली. "तुम्ही कोण?"

"एम.फिल.," मी म्हणाले.

"कशात?"

"प्रामाणिकपणात."

"यातही डिग्री देतात?" सीतारामरावांनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. 

अखिलाने पत्राची घडी घातली. "आता तुम्ही सांगा," ती सूर्यण्णाला म्हणाली. "तुमच्या तोंडाने."

तो उभा राहिला. हातात दोरा ओवलेली सुई तशीच. "पाच वर्षं झाली. तिरुवारूरची मुलगी. कमलाक्षी नाव. पत्रिका वाटून झाल्या होत्या. नऊ दिवस राहिले होते लग्नाला, तेव्हा ती दुसऱ्याकडे गेली. तिला तो आधीपासोन आवडत होता. मज राग नाही आला. लाज वाटली. म्हणोन कोणाला सांगितलं नाही. तुला सांगायचं होतं. जमलं नाही."

एवढंच. माझ्या दोन पानांत जे आलं नव्हतं ते इतक्यात संपलं. त्याने तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. तिच्या आलं.

तिने पत्राची घडी आणखी एकदा दुमडली. मग म्हणाली, "त्या मुलीला कोणी विचारलं होतं का? तुला हा चालेल का म्हणोन?"

"नाही. घरच्यांनी ठरवलं."

"तुम्ही?"

"मीही नाही विचारलं."

"मला विचारलंत?"

सूर्यण्णाने सुई पुठ्ठ्यात खोवली. सीतारामरावांकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. माझ्याकडे एक फार छान वाक्य तयार होतं, चंद्राची कोर आणि कावेरीचं पाणी त्यात होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते गिळलं.

"तुज चालेल का?" तो म्हणाला.

अखिलाचा चेहरा हलला नाही, पण पत्र धरलेला हात खाली आला.

"पावणेपाचची सुटेल," सीतारामराव घड्याळ पाहून म्हणाले.

"सुटू द्या. सहाची असते." मग सूर्यण्णाला, "चालेल. पण तुमच्या आईंना मी आजच सांगणार की मला सगळं ठाऊक आहे. पुढे त्यांनी माझ्यापासोन काही लपवायला नको न् मी त्यांच्यापासोन. चला घरी."

आईचं नाव निघताच सूर्यण्णा पांढरा पडला. अखिलाला सांगायला तो पाच आठवडे भीत होता, आईला सांगावं लागेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. माझ्या तक्त्यातही सासूचा रकाना नव्हता. तरी त्याने चपला घातल्या. दुकानाबाहेर पडताना तो तिच्या मागे होता, शिंप्याच्या दारापर्यंत बरोबरीला आला. शिंप्याने मशीनवरून मान वर करून त्याला, सुधारलास हो, अशा अर्थाची मान हलवली.

मी ब्रश ठेवला आणि निघायला उठले. सूर्यण्णाच्या आईंसमोर अशा वेळी काय बोलावं याबद्दल माझी काही मतं होती.

अखिला वळली. "तुम्ही बसा," ती म्हणाली.

मी बसले.